कोटघर

डेब्रेत्सेनच्या नाट्यगृहात, जिन्याखाली,
कमरेएवढा अर्धा दरवाजा होता,
त्यावर कोपरांनी गुळगुळीत झालेली फळी.
फळीमागे बोर्बाला नेनी,
तिच्यामागे दोनशे बारा खुंट्या.

बाप वर दिवे सांभाळायचा.
पडदा उघडला की मला खाली पिटाळायचा,
हातात खसखशीचा पाव देऊन
आणि बजावून, नेनीला त्रास द्यायचा नाही.

त्रास तीच द्यायची.
जुन्या तिकिटांच्या पाठीवर
शिसपेन्सिलीने एक ओळ लिहून सरकवायची:
डोळे मिटून काठी दोन जागी मोडली.
तुकड्यांचा त्रिकोण जुळेल?
मी शेगडीपाशी सरपणाच्या काटक्या मोडत बसायचो.
चारांत एकदा, ती म्हणायची,
पण पाच-दहा मोडून काटक्या कबूल होत नसतात,
निदान शंभर मोड.
वर टाळ्या पडायच्या.
मी चौऱ्याहत्तराव्या काटकीवर असायचो.

मग ती जानेवारीतली रात्र. उणे चौदा.
दुसऱ्या अंकात वीज गेली,
कुणीतरी अंधारात दांडीला लटकलं
आणि अख्खी दांडी भिंतीतून उखडून
कोटांसकट खाली आली.
जिन्यावरून पावलं उतरत होती, शेकडो.
फळीवर पितळी बिल्ले आपटत होते.

नेनी, आता?
आता, ती म्हणाली, तीन माणसं घे. तीन कोट.
न बघता वाटले तर वाटण्याच्या रीती सहा,
त्यांत सगळेच चुकतील अशा दोन.
चार घे. चोविसांत नऊ.
पाच. एकशेवीसांत चव्वेचाळीस.
सहा. सातशेवीसांत दोनशे पासष्ट.
पाढे म्हणावेत तशी म्हणत होती,
दोन्ही हात ढिगात, कॉलर चाचपत.
पुढे कितीही वाढव, आकडा हलत नाही.
शंभर रात्रींतल्या सदतीस रात्री
सगळं गाव परक्या कोटात घरी जाईल.

आणि उरलेल्या रात्री? किती जणांना आपापला मिळेल?
सगळ्या रात्री मिळून सांगते. सरासरी एकाला.
दोनशे बारांत एकाला?
दोनशे बारांत एकाला. दोघांतही एकाला.
दोघं असले तर कधी दोघांनाही, कधी कुणालाच नाही,
सरासरी तरी तीच.
मला ते पटेना. गर्दी वाढली
तर नशीबही वाढायला नको?

अगं बाई, माझा कोट! कुणीतरी ओरडलं.
नेनीने हाताला लागला तो दिला.
मला म्हणाली, हे बघ,
दोनशे बारा माणसं उभी आहेत,
प्रत्येकाच्या आशेचा तुकडा दोनशे बारावा.
फार लहान आहे, एकट्याला ऊब देणार नाही.
सगळ्यांचे तुकडे एकत्र शिव.
काय झालं?

एक, मी म्हणालो.
एक अख्खा कोट, ती म्हणाली,
आणि पुढच्या माणसाकडे वळली.

त्या रात्री न्यायाधीश ट्रामचालकाच्या कोटात गेले,
खिशात त्यांना अर्धा कांदा सापडला.
दंतवैद्याच्या फरची बाही जमिनीवर लोळवत
एक शाळकरी मुलगी बर्फातून गेली.
आठवडाभर लोक एकमेकांची दारं ठोठावत होते,
कोट परत करायला आले आणि सूप पिऊन गेले.
नाट्यगृहाने नेनीचा अर्ध्या महिन्याचा पगार कापला.
तिने पावतीच्या पाठीवर मला नवं कोडं लिहून दिलं.
ते मला अजून सुटलेलं नाही.

मार्चमध्ये ती गेली.
दोन खोल्यांचं घर. मी मुक्कामाच्या गाडीने पोचलो.
आलेल्यांचे कोट तिच्या पलंगावर एकावर एक टाकलेले,
सगळे काळे. मोजले, एकोणीस.
निघताना दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही,
हाताला आला तो चढवून एकेक जण बाहेर पडला.
मीही.

ट्रामच्या थांब्यापाशी गारठलो, खिशात हात घातला.
माझीच किल्ली.
परतीचं माझंच तिकीट.

वळून पाहिलं. गल्लीत अठरा पाठी,
कुणाच्या खांद्यांवर घट्ट, कुणाच्या ढगळ.